जुनं मॅलॅथिऑन, खारं पाणी आणि ‘डोस वाढवा’

प्रश्न : मागच्या हंगामातलं मॅलॅथिऑन 50 ईसी हे कीटकनाशक पत्र्याच्या खोलीत पडून आहे. दुकानदार म्हणतो, जोर कमी झाला असेल, दीडपट मारा. मारू का?

उत्तर : अजिबात नाही. विदर्भातला उन्हाळा पत्र्याखाली काढलेलं मॅलॅथिऑन नुसतं जुनं होत नाही, बदलतं. उष्णतेनं रेणूतली जोडणी फिरते आणि आयसोमॅलॅथिऑन तयार होतं. अणू तेच, मांडणी वेगळी. शुद्ध मॅलॅथिऑन आपलं शरीर बऱ्यापैकी लवकर मोडतं. ते मोडणारी विकरंच (एन्झाइम) आयसोमॅलॅथिऑन बंद पाडतं, मग उरलेलं मॅलॅथिऑनही अंगात भिनतं. पाकिस्तानात 1976 साली मलेरियाची फवारणी करणाऱ्या सुमारे 7,500 कामगारांपैकी अंदाजे 2,800 जणांना विषबाधा झाली, पाच दगावले. फवारलेल्या मॅलॅथिऑनच्या पावडरीत आयसोमॅलॅथिऑन होतं. वासावरून काही ठरवू नका. मुदत संपलेला किंवा तापलेला डबा वापरू नका, नाल्यात ओतू नका. कृषी सहायकाला कळवा. फवारताना घाम, लाळ सुटली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर कपडे काढून अंग साबणानं धुवा आणि लेबल घेऊन थेट दवाखाना गाठा.

प्रश्न : खारपाणपट्ट्यातली कपाशी. लॅमडा सायहॅलोथ्रीन 5 ईसी बोअरच्या पाण्यात रात्रीच कालवून ठेवतो. गुलाबी बोंडअळी मरत नाही. दुकानदार 15 लिटरच्या पंपाला 30 मिली सांगतो.

उत्तर : 15 मिलीच. या औषधात दोन रूपांची जोडी असते, त्यातलं एकच खऱ्या अर्थानं कीड मारतं. खारपाणपट्ट्यात असतं तशा अल्कधर्मी पाण्यात, म्हणजे पीएच 7 च्या वर, ते उलटून निकामी रूपात जातं. डेल्टामेथ्रीनचंही तेच, शिवाय उन्हातही त्याचं रूप बदलतं. म्हणजे रात्रभर ठेवलेल्या पिंपात औषधाचा काही भाग कामातूनच गेलेला असतो. त्यावर दुप्पट डोस हा उपाय नाही. त्यानं मित्रकिडी मरतात आणि पांढरी माशी उसळते. दुकानदाराचा माल खपतो, भुर्दंड तुम्हाला.

पीएच पट्टी घ्या, हे मी प्रत्येक शेतकऱ्याला सांगतो. आधी 10 लिटरच्या बादलीत तपासा. पीएच 7.5 च्या वर असेल तर सायट्रिक अॅसिड एकेक ग्रॅम टाकत, ढवळत 6 ते 6.5 वर आणा. लागलेले ग्रॅम मोजून त्याच हिशेबानं पिंपात टाका, औषध त्यानंतर. लगेच फवारा, संध्याकाळी फवारा. बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुना) किंवा चुन्याच्या कशातही हे औषध मिसळू नका.

वेळही चुकतेय. अळी बोंडात शिरली की वरून कितीही ओता, पोचत नाही. हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री सापळ्यामागे 8 पतंग दिसले की फवारणी. पीक 120 दिवसांचं होण्याआधी लॅमडा, डेल्टामेथ्रीनचा हा गट (सिंथेटिक पायरेथ्रॉइड) हातात धरूच नका, कोणी काहीही सांगो.