माजी सैनिकांच्या मानसिक आरोग्यावर संशोधन करताना कोणती प्रश्नावली वापरावी?

नाशिकमधील माजी सैनिकांवर एम. ए.चा प्रबंध लिहायचा आहे, तर प्रश्नावली कोणती घ्यावी आणि नमुना किती असावा, असे आपण विचारले आहे. पीसीएल-५ घ्या, म्हणजे आघातानंतरच्या मानसिक त्रासाची (पीटीएसडी) लक्षणे मोजणारी प्रश्नावली: २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, आणि विचारणा मागील एका महिन्यापुरती. नमुन्याचे तुमचे मार्गदर्शक पाहतील. मला लिहायचे आहे ते हे प्रश्न कोणाला विचारायचे राहून जातात याविषयी.

माझे यजमान तोफखान्यात हवालदार होते आणि १९९९ मध्ये त्यांची तुकडी द्रासला होती. कारगिलच्या लढाईत आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे आणि रॉकेट डागले, हे दरवर्षी जुलैत छापून येते. त्या तोफांशेजारी आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या माणसांचे पुढे काय झाले, हे कोणी छापत नाही. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी अशीच प्रश्नावली घेऊन आमच्या नाशिकरोडच्या घरी आली. यजमान इस्त्रीचा सदरा घालून बसले आणि झोप, दचकणे, नकोशा आठवणी अशा प्रत्येक प्रश्नापुढे 'अजिबात नाही' यावर खूण करत गेले. जवळच्या देवळालीच्या रेंजवर त्या दिवशी तोफांचा सराव चालू होता. आवाज आला की ते पेन खाली ठेवत, 'एकशे पंचावन्न' (म्हणजे १५५ मिलिमीटरची तोफ) असे पुटपुटत, पुढचा आवाज येईपर्यंत ओठांतल्या ओठांत आकडे मोजत आणि मग पेन उचलून पुढची खूण करत. मुलीने हे पाहिले, पण तिच्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता. मी चहा दिला, तिने आभार मानले आणि मला एकही प्रश्न न विचारता ती गेली. रात्री कोण कोणाला जागे करते आणि आमच्या मुलांना दार न वाजवता लावायची सवय कशी लागली, हे मी सांगू शकले असते.

तेव्हा माझे स्पष्ट मत असे की, घरातील निदान एका व्यक्तीची स्वतंत्र मुलाखत, आणि तीही सैनिकाच्या अपरोक्ष, घेणार नसाल तर हा विषय घेऊच नका. तिची संमती वेगळी घ्या, आणि मुलाखतीनंतर कोणी अस्वस्थ झाले तर कोणाकडे पाठवायचे हे आधी ठरवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तरी हाताशी ठेवा. 'लढाईपूर्वी हे कसे होते?' हा प्रश्न अवश्य घाला. माझे मोठे दीर आजही म्हणतात की, त्याचा स्वभावच तापट, त्यात लढाईचा काय संबंध. दीर सणावारी येतात, म्हणून त्यांना विचारून उपयोग नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळ्यांत यजमान फटाक्यांची माळ हातात धरून पेटवत असत, ते मी पाहिले आहे; आता लक्ष्मीपूजन आटोपताच ते मागच्या खोलीत जाऊन बसतात.

अर्थात प्रत्येक तापट माजी सैनिक आजारी असतो असे नाही, आणि पीसीएल-५चे गुण म्हणजे निदान नव्हे. निदान मानसोपचारतज्ज्ञानेच करायचे. संघर्षग्रस्त प्रदेशात सुमारे पाचांपैकी एकाला मानसिक विकार असतो, हा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९चा अंदाज तुमच्या वाचनात येईलच. तो त्या प्रदेशांत राहणाऱ्या लोकांविषयीचा आहे, नाशिकरोडला निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना तो लावू नका.