बंद झालेल्या ब्रँडची छोटी गाडी ठाण्यात सेकंडहँड घ्यावी का?

प्रश्न असा आहे: "ठाण्यात राहतो. 2019 ची डॅटसन रेडी-गो पेट्रोल स्वस्तात मिळतेय. अ‍ॅव्हरेज चांगलं आहे. पण ब्रँडच बंद झालाय. पार्ट मिळतील का? घरचे नको म्हणताहेत."

शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितोय. माझ्या बाबतीत नको म्हणणारे साडू होते आणि ते एकदा म्हणून थांबले नाहीत. सहा वर्षं, प्रत्येक गणपतीला, प्रत्येक बारशाला म्हणत राहिले.

माझ्याकडे रेडी-गो नाही, शेवरले बीट आहे. डिझेल, 2013 चं मॉडेल, एमएच-43 पासिंग. फेब्रुवारी 2018 मध्ये कोपरखैरण्याच्या एका गृहस्थांकडून 1 लाख 65 हजारांना घेतली. तारीख मुद्दाम सांगतोय. 18 मे 2017 ला जनरल मोटर्सने जाहीर केलं की वर्ष संपलं की भारतात शेवरले विकणं बंद. त्यानंतर या गाड्यांचे सेकंडहँड भाव जे घसरले ते विचारू नका. त्या घसरगुंडीच्या पायथ्याशी मी टोपली घेऊन उभा होतो. तशाच इंजिनाची, तेवढीच चाललेली दुसऱ्या कंपनीची गाडी मला तेव्हा दीड लाख जास्त सांगत होते.

घरी पेढे आणले तर साडूभाऊ म्हणाले, "अहो, बेवारस गाडीचे कसले पेढे वाटताय?" मी अ‍ॅव्हरेज सांगायला लागलो की त्यांचं ठरलेलं, "मेलेल्या म्हशीला मणभर दूध!" आणि सगळे हसायचे. बायकोसुद्धा.

आता दुधाचा हिशोब. मी मानपाड्याला राहतो, नोकरी महापे एमआयडीसीत. माजिवडा, कळवा, विटावा, ठाणे-बेलापूर रोड. जाऊन-येऊन 40 किलोमीटर, महिन्याला 1000 धरा. कागदावर ही गाडी लिटरला 25.44 देते. विटाव्याच्या पुलाखाली अर्धा तास उभं राहिल्यावर कागद भिजतो. टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा फुल करायची, असं मी वहीत लिहून ठेवतो. मला गावात 18 पडतात आणि नाशिकला एसी लावून 23. म्हणजे महिन्याला 55-56 लिटर, आजच्या भावाने 5 हजार रुपये. साडूभाऊंची मोठी पेट्रोल ऑटोमॅटिक आहे, गावात 9 देते. त्यांचा हिशोब मी करून दिला होता, त्यांनी मागितला नव्हता.

तुमचा खरा प्रश्न पार्टचा. तर जुलै 2023 ची गोष्ट ऐका.

कापूरबावडीला पावसात एक रिक्षा डाव्या बाजूने घुसली आणि मागच्या कोपऱ्याला घासून गेली. टेललाइट फुटली, मागच्या दाराला पोचा, आणि हँडल मेलं. बीट ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: हिच्या मागच्या दाराचं हँडल दारावर नेहमीच्या जागी नसतं. वर, काचेच्या मागच्या कोपऱ्यात लपवलंय, गाडी दोन दारांची दिसावी म्हणून. ते ओढलं तर नुसतं हलायचं, दार ढिम्म. म्हणून आईला मागे बसवायचं तर मी पुढून आडवा होऊन आतली कळ खेचायची आणि तिने बाहेर छत्री धरून उभं राहायचं. विम्यातून करायचं मनात नव्हतं, कारण 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, चढलेला होता. एवढ्याशा कामासाठी तो कोण घालवणार?

ज्या वर्कशॉपवर अजून अधिकृत म्हणून पाटी होती तिथे गेलो. काउंटरवरच्या पोराने कंप्युटरमध्ये बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "काका, तीन महिने लागतील. पूर्ण अ‍ॅडव्हान्स भरा. आणि नक्की येईल असं लिहून देत नाही." मी बाहेर आलो. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी साडूंचं खरं वाटलं.

संध्याकाळी सासऱ्यांकडे गेलो. नाना आता 78 वर्षांचे आहेत. प्रीमियर या मोटार कंपनीत नोकरी केली, आधी कुर्ल्याला, मग डोंबिवलीच्या कारखान्यात. पद्मिनीही केल्या आणि नव्वदच्या दशकात पूजोच्या 309 सुद्धा. म्हणजे बंद झालेल्या गाड्यांवरच माणसाचं आयुष्य गेलंय. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "जावईबापू, कंपनीत कशाला गेलात? कुर्ल्याला जायचं सोडून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. तेव्हा आनंदनगरला टोल होता, तोही भरला. त्या रस्त्यावर ज्यांनी चक्कर मारली नाही त्यांनी जुनी गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुकान म्हणजे दहा फुटांचा गाळा, दारं पुस्तकांसारखी उभी लावलेली, बंपर छताला टांगलेले, आणि कुठली गाडी ते खडूने लिहिलेलं. चौथ्या गाळ्यात मी तुटकी टेललाइट पेपरातून काढून दाखवली. दुकानदाराने हातातही घेतली नाही. "बीट. चौदा के पहले वाली या बाद वाली?" 2014 मध्ये गाडीचा चेहरा थोडा बदलला होता, एवढं ह्या माणसाला पाठ. अधिकृतवाल्याला कंप्युटर लागला होता.

टेललाइट 1400 सांगितली, 800 ला दिली. हँडल मागितलं तर त्याने चंदेरी रंगाचं अख्खं दारच ओढून पुढ्यात ठेवलं. नाना खाली बसले, त्या दाराच्या आत दोन बोटं घातली, डोळे मिटून चाचपलं आणि म्हणाले, "हँडल नको. तुझं हँडल चांगलं असणार. हे बघ." हँडलपासून कुलपापर्यंत एक पातळ सळी जाते आणि ती एका नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या क्लिपमध्ये अडकवलेली असते. क्लिप तुटली की सळी सुटते, हँडल हवेत फिरतं. दुकानदार म्हणाला, "चाचा सही बोल रहे हैं, लेकिन क्लिप अलग नहीं मिलता." नाना उठले.

घरी येऊन त्यांनी डालड्याच्या जुन्या डब्यातून सायकलचा एक आरा काढला. दाराचं आतलं पॅड मी उघडलं. त्यांनी पकडीने आऱ्याचं एक टोक वळवलं, मापून कापला, दुसरं टोक उलट्या बाजूला वळवलं, आणि हँडलच्या भोकात आणि कुलपाच्या कानात अडकवून दिला. खुळखुळ वाजू नये म्हणून त्यावर सलाइनच्या नळीचा तुकडा. चाळीस मिनिटं. दार बाहेरून ओढलं आणि 'खट्' करून उघडलं. पोचा वागळे इस्टेटच्या डेंटरने काढला, त्याचे 2500.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. ती 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली होती आणि टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा, म्हणून. बातमी लागली तेव्हा नाना टीव्हीकडे बघून म्हणाले, "गाडी थकली म्हणून नाही थांबवली, नियम होता म्हणून थांबवली." कारखाना त्याच्या कितीतरी आधी थंड झाला होता. गाड्या रस्त्यावर होत्या तोवर कुणी ना कुणी पार्ट बनवत होतं, कुणी ना कुणी विकत होतं.

बीटचंही तेच आहे. डिझेल बीटमध्ये 936 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे. मूळ फियाटचं 1.3 मल्टिजेट. ते 1248 सीसी, चार सिलिंडर, म्हणजे एकेक 312. त्यातला एक सिलिंडर कमी केला की 936. आता हे 1.3 मल्टिजेट स्विफ्टमध्ये होतं, इंडिका व्हिस्टामध्ये होतं, पुंटोमध्ये होतं. सगळेच पार्ट याचे त्याला बसतात असं नाही, पण मेकॅनिकचा हात बसलेला असतो. गाडी विकणारी कंपनी गेली तरी ते इंजिन जाणणारी माणसं वागळे इस्टेटमध्ये गल्लोगल्ली आहेत. आणि तळेगावचा कारखाना 2017 ला बंद झाला असं जे लोक ठोकून देतात (साडू!), त्यांना सांगा की निर्यातीसाठी तिथे डिसेंबर 2020 पर्यंत गाड्या बनत होत्या.

साडूंचं पुढे काय झालं? 2024 च्या जूनमध्ये त्यांची ती मोठी गाडी गिअरच्या कसल्याशा इलेक्ट्रॉनिक भानगडीवरून वर्कशॉपमध्ये गेली. कंपनी चालू, शोरूम चकाचक, कॉफी फुकट. पार्ट यायला 26 दिवस. नेमकं त्यात खारघरला त्यांच्या पुतणीचं लग्न. रात्री फोन आला, "तुमची ती गाडी... चालू आहे ना?"

सकाळी पाचपाखाडीला त्यांना घ्यायला गेलो. बायको पुढे, नाना मागे उजवीकडे. पाऊस धरलेला. मेव्हणीबाई नानांच्या बाजूने चढल्या आणि मधे सरकल्या. साडूभाऊ डावीकडे आले, सिल्कचा कुर्ता, एका हातात आहेराची पिशवी. दाराला हँडलच नाही! त्यांनी नेहमीच्या जागी हात फिरवला, मग खाली फिरवला, मग काचेवर टकटक केलं. मी काच खाली करून सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. शेवटी नानांनाच दया आली, आतून बोट दाखवून ओरडले, "वर, वर! काचेच्या मागे!" त्यांनी ओढलं. आऱ्याने काम केलं.

मण, म्हैस काही बोलले नाहीत, पामबीचला फक्त "एसी छान आहे" म्हणाले.

असो. तुमच्या रेडी-गोकडे येतो. तुमची परिस्थिती माझ्यापेक्षा बरी आहे. डॅटसन हे नाव एप्रिल 2022 मध्ये गुंडाळलं, पण ती निसानची होती आणि निसान इथेच आहे, सर्व्हिसही तिथेच होते. शिवाय रेडी-गो आणि रेनोची क्विड एकाच सांगाड्यावर आहेत, इंजिनही तेच. म्हणजे आतले, चालायचे पार्ट ही काळजी सोडा. काळजी बाहेरच्या पार्टची करा: हेडलाइट, बंपर, टेललाइट, काचा. ते फक्त तिचेच आणि तेच रिक्षावाले फोडतात. गाडी घ्यायच्या आधी एकदा कुर्ल्याला जाऊन हेडलाइटचा भाव विचारून या. मिळाली तर गाडी घ्या. चार गाळे फिरूनही कुणी ओळखली नाही तर सोडा.

हे आधीच सांगायला हवं होतं, राहून गेलं: रेडी-गोला 2019 च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत (गाडी आपटून सुरक्षा बघतात ती) मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी एकच तारा मिळाला होता. रोज घोडबंदरला गायमुखच्या घाटात ट्रकांमधून जाणार असाल, मुलं मागे बसणार असतील, तर घरचे नको म्हणताहेत त्यात तथ्य आहे. माझ्या साडूंसारखी त्यांची बोळवण करू नका. आणि माझ्याकडे नाना होते, सगळ्यांकडे नसतात. नाना नसते तर त्या चंदेरी दाराचे मी 3000 मोजून आलो असतो.

रीसेलचा विचार करत असाल तर घेऊच नका. ही गाडी विकायची नसते, वापरून संपवायची असते. 15 वर्षांनी पुनर्नोंदणी करायची तर एप्रिल 2022 पासून 600 ऐवजी 5000 रुपये शुल्क आहे, ते धरून ठेवा. डिझेल दहा वर्षांनी भंगारात, हे जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते दिल्लीकडचं आहे, आपल्याकडे नाही. तुमची तर पेट्रोलच आहे. नंबर प्लेट मात्र बघा. गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची असेल तर ती नव्या हाय सिक्युरिटी प्लेटची भानगड मालकाने उरकली आहे का ते विचारा, नाहीतर तेवढे पैसे कमी करा.

आणि बघायला जाल तेव्हा चारही दारं बाहेरून उघडून बघा. मालक आतून उघडून द्यायला लागला तर समजा, आरा लागणार आहे.