आजोळच्या रिकाम्या कड्या

प्रश्न : तुमची सर्वांत आवडती कादंबरी कोणती? का?

उत्तर : मिलिंद बोकील यांची ‘शाळा’. ती २००४ साली आली, तेव्हा माझी तिशी उलटली होती.

नववीच्या परीक्षेनंतर आजोळी, देवरुखजवळच्या गावी गेलो होतो. वर्षभर वहीच्या मागच्या पानावर दिवस खोडत होतो त्या सुट्टीसाठी! तिथं पाहिलं, तर मामेभाऊ दहावीच्या क्लाससाठी मुंबईला गेलेला. आजी गेल्यावर झोपाळाही काढून ठेवलेला. तुळईला नुसत्या कड्या लटकत होत्या. दुपारभर त्यांच्याकडे बघत पडून राहायचो आणि मला चक्क शाळा आठवायची. पावसात भिजलेल्या दप्तरांचा वास, कर्कटकानं बाकावर कोरलेली नावं, आणि खिडकीजवळ बसणारी एक मुलगी. (तिचं नाव आजही सांगणार नाही.)

कादंबरीतला मुकुंद जोशी नववीतलाच, काळ आणीबाणीचा. माझी नववी त्यानंतर दहाएक वर्षांनी, तरी हा माझ्याच बाकावर बसलाय असं वाटलं. एका रात्रीत वाचून काढली. लोक तिला प्रेमकथा म्हणतात, मला ते पटत नाही. मुकुंदला आवडणारी शिरोडकर आहेच, पण मला घट्ट धरून ठेवलं ते सुऱ्या, चित्रे, फावड्या यांच्या टोळीनं. त्यांच्या गप्पा वाचताना आजोळची ती मुकी दुपार पहिल्यांदा भरून निघाली. दर मे महिन्यात पुन्हा वाचतो.