लोकशाहीत सभ्यता खरोखर आवश्यक आहे, की ती केवळ सत्ताधाऱ्यांची सोय आहे?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र सभ्यतेचा आग्रह कोण कोणाकडे धरतो आहे, हे पाहिल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. मला हे एका इतिवृत्ताने शिकवले.

एका संस्थेचा मी चिटणीस होतो आणि माझा थोरला भाऊ अध्यक्ष. वार्षिक सभेत एका वयस्क सभासद बाईंनी इमारत निधीचा हिशेब मागितला. हाच प्रश्न त्यांनी आधीच्या दोन सभांमध्ये अत्यंत शांतपणे विचारला होता आणि दोन्ही वेळा ‘पुढच्या सभेत पाहू’ एवढेच ऐकले होते. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज चढला. “आधी नीट बोला, मग उत्तर मिळेल,” असे म्हणून दादाने पुढचा विषय पुकारला, आणि मी लिहिले, ‘एका सभासदाने सभेच्या शिस्तीचा भंग केला.’ हिशेबाचा प्रश्न मी नोंदवलाच नाही. त्या पुन्हा सभेला आल्या नाहीत.

आपण सभेचा मान राखला, असे दादा आजही म्हणतो आणि बाबासाहेब आंबेडकरांच्या २५ नोव्हेंबर १९४९च्या संविधान सभेतील भाषणाचा दाखला देतो. बाबासाहेबांनी असनदशीर मार्गांना अराजकाचे व्याकरण म्हटले, हे खरे. परंतु सनदशीर मार्ग खुले असतील तेव्हा, ही त्यांचीच अट दादा दर वेळी गाळतो. तो मार्ग खुला ठेवण्याचे काम खुर्चीवर बसलेल्याचे आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने १८३६मध्ये जनमानसात शांतता परत यावी असे कारण देऊन गुलामगिरीविषयीचे अर्ज चर्चेविना बाजूला सारण्याचा ठराव केला, आणि माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स सतत झगडत राहिले तरी ती बंदी उठायला १८४४ उजाडले. त्या सभागृहातली शांतता मी सभ्यता मानत नाही. समोरच्याचे पूर्ण ऐकणे, त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत नोंदवणे आणि गैरसोयीचे असले तरी उत्तर देणे, ही माझ्या लेखी सभ्यता आहे आणि तिचा पहिला भार सत्ता असलेल्यावर पडतो.

अर्थात कोणाची जात, शरीर किंवा घरची माणसे काढून बोलणाऱ्याला यात मुभा नाही. तशा बोलण्याने सर्वांत आधी दुर्बळ माणूसच सभेबाहेर जातो.

ते इतिवृत्त कायम झाले असल्यामुळे आता काही करता येत नाही, असे दादाचे म्हणणे आहे. त्या बाईंचा प्रश्न येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय म्हणून घेता येतो, असे माझे आहे.