मोटारीला हात लावू नका

मावशी,
मी ३१ वर्षांचा, सोलापूरचाच. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. घरची भाषा तेलुगू, शिक्षण सगळं मराठीत. वडिलांनी पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, ३४ वर्षं माग चालवला, आता घरीच असतात. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी बहीण आणि दाजी आले होते. रात्री अडीचला पाणी आलं. वडिलांनी कुणालाच न उठवता मोटार लावली. पाणी मधेच गेलं आणि मोटार कोरडी फिरून जळाली. सकाळी माझा तोल गेला. ‘किती वेळा सांगितलं मोटारीला हात लावू नका म्हणून. तुम्ही ऐकतच नाही,’ असं बोललो. दाजी तिथंच चहा घेत बसले होते. तेव्हापासून अडीच महिने वडील माझ्याशी बोलत नाहीत. काही सांगायचं असलं तर माझ्या पाच वर्षांच्या मुलीकडून निरोप येतो. मध्यंतरी कंपनीने दोन दिवसांचं संवादकौशल्याचं ट्रेनिंग दिलं. तिथलं सगळं करून बघितलं. डोळ्यात बघून बोललो, ‘तुम्ही असं करता’ न म्हणता ‘मला असं वाटतं’ म्हणालो. ते म्हणाले, ‘हे कंपनीत बोल.’ कंपनीत माझं सगळे ऐकतात. घरीच का जमत नाही?

बाळा,

तुझं पत्र वाचताना मी त्या मोटारीपाशीच अडकले. ज्या माणसाने ३४ वर्षं माग चालवला, तुटलेला धागा चालत्या मागावर नजरेने हेरला, आडवा धागा नेणारा धोटा अडकला तर आवाजावरून ओळखला, त्याला तू जावयासमोर सांगितलंस, यंत्राला हात लावू नका. तुला म्हणायचं होतं मोटारीबद्दल. त्यांना ऐकू आलं ते स्वतःबद्दल: तुमचं काम संपलं, आता बसून राहा.

कुठल्याही बोलण्यात हे दोन्ही असतं बघ. एक म्हणजे मुद्दा, आणि दुसरं म्हणजे मी तुला काय समजतो ते. ‘मीठ कमी पडलंय’ हे वाक्य आईने म्हटलं तर मीठच असतं, सासूने म्हटलं तर त्यात बरंच काही असतं. मुद्द्यावरून झालेलं भांडण संध्याकाळपर्यंत मिटतं. अडीच महिने चालतं ते दुसऱ्यावरून. तू म्हणशील, माझ्या मनात तसं नव्हतं. नसेलच. पण तुझ्या मनात काय होतं ते त्यांना कुठून दिसणार? कानावर पडलं तेवढंच त्यांच्यापाशी आहे, आणि ते त्यांनी अडीच महिने जपून ठेवलंय.

आणखी एक. अडीच वाजता ते एकटेच का उठले? आपल्याकडे चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही आडवेळी. पाण्याची रात्र म्हणजे घरातलं कुणीतरी झोपेला मुकणारच. तू सकाळच्या पाळीला जाणार म्हणून त्यांनी तुला झोपू दिलं असेल. तुझ्या पत्रात हे कुठेच नाही, म्हणून विचारते. ‘का उठलात’ हे तू त्यांना कधी विचारलंस? की फक्त ‘का लावलीत’ एवढंच विचारलंस? (नळाला थेट मोटार लावत असाल तर ते चुकीचंच आहे, पण त्यावर तुला महापालिका बोलेल, मी कशाला बोलू.)

आता तुझं दुसरं वाक्य, ‘तुम्ही ऐकतच नाही.’ हे तू रागाने म्हणालास. मला मात्र शंका येते की ते शब्दशः खरं असेल.

मागाच्या शेडमध्ये तू उभा राहिला आहेस. जुन्या धोट्याच्या मागांचा आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं, नाहीतर हाताच्या खुणा. अशा गोंगाटात आयुष्य काढलं की कान हळूहळू जातो, आणि सगळा एकदम जात नाही. आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज जातात. बोलण्यातले स, श, फ, ट, थ असे वर्ण अर्धवट पोचतात. अ, आ, ओ मात्र नीट ऐकू येतात. म्हणून अशा माणसाला कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. तो ‘मला ऐकू येत नाही’ असं म्हणत नाही, ‘तुम्ही लोक तोंडातल्या तोंडात बोलता’ असं म्हणतो. आपण ओरडलो की उलटच होतं. आवाज वाढतो तो स्वरांचा, ‘श’ आणि ‘ट’ जिथल्या तिथेच राहतात. वर ओरडताना आपला चेहरा रागावलेला दिसतो तो वेगळाच.

आठवून बघ. टीव्हीचा आवाज वाढलाय? फोनवर ‘हां, हां’ करून लगेच ठेवून देतात? लग्नाच्या मांडवात कोपऱ्यात गप्प बसतात? आणि निरोप नातीकडूनच का येतो? ती जवळ जाऊन, तोंडासमोर तोंड आणून सांगते, म्हणून तिचं त्यांना कळतं, असं तर नाही ना? मी डॉक्टर नाही, माझा अंदाज चुकेलही. पण ‘किती वेळा सांगितलं’ म्हणतोस, त्यातलं किती वेळा त्यांच्यापर्यंत पोचलं, हे तुला तरी कुठे माहीत आहे?

१९४८ मध्ये क्लॉड शॅनन नावाच्या अमेरिकेतल्या एका माणसाने, तो टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायचा, निरोप इकडून तिकडे जाताना काय होतं याचं गणित मांडलं. त्यात पाठवणारा आहे, घेणारा आहे आणि मधे गोंगाट आहे. त्याला तारेतली खरखर म्हणायचं होतं, पण पूर्व भागातल्या माणसाला हे पटवायला गणित लागत नाही. तुमच्या घरात गोंगाट दोन प्रकारचा आहे. एक त्यांच्या कानात, एक त्यांच्या मनात. दुसऱ्याचं बघण्याआधी पहिला आहे का, तेवढं तपासून घे.

आता तुझ्या ट्रेनिंगचं. तिथं तुम्हाला ‘संवाद ९३ टक्के देहबोलीतून होतो’ असं सांगितलंच असेल, कारण अशा प्रत्येक वर्गात ते सांगतात. तो आकडा अल्बर्ट मेहरेबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ मधल्या प्रयोगांवरून आलाय. शब्द ७ टक्के, आवाजाचा सूर ३८, चेहरा ५५. सूर आणि चेहरा मिळून ९३. पण प्रयोग होता एवढाच की शब्द एक सांगतो आणि सूर किंवा चेहरा दुसरंच सांगतो, तेव्हा समोरच्याला आपण आवडतो की नाही हे ऐकणारा कशावरून ठरवतो. सगळ्या बोलण्याला हे लागू नाही, असं खुद्द मेहरेबियनही सांगत आला. तसं असतं तर मला तेलुगू ९३ टक्के समजलं असतं. तुमच्या गल्लीत माझी मैत्रीण राहते, तिच्या सासूबाई ४० वर्षं माझ्याशी तेलुगूत बोलल्या. मला ‘रा’ आणि ‘तिनु’ एवढंच कळायचं, म्हणजे ये आणि खा.

बाकीचं शिकवलेलं वाईट नव्हतं. डोळ्यात बघून बोलावं, स्वतःच्या भावनेने सुरुवात करावी, चांगलंच आहे. पण चांगलं बोलण्याला दोन मापं लावावी लागतात. त्या बोलण्याने हवं ते झालं का, आणि त्या माणसापुढे, त्या वेळी, त्या नात्यात ते शोभलं का. पहिलं माप सगळे लावतात, दुसरं राहून जातं. आपल्याकडे बापाच्या डोळ्यात डोळे रोखून बोलणारा मुलगा प्रामाणिक वाटत नाही, उर्मट वाटतो. आणि ‘मला असं वाटतं’ हे तू कुठल्या भाषेत म्हणालास? पत्रावरून मला वाटतं मराठीत, तेही ट्रेनिंगच्या मराठीत. ज्यांच्याशी जन्मभर तेलुगूत भांडलास, त्यांच्याशी समेट तू मीटिंगच्या भाषेत करायला गेलास. ‘हे कंपनीत बोल’ हे त्यांचं उत्तर मला तरी अगदी मोजकं आणि नेमकं वाटलं. तुम्हा दोघांत संवाद जास्त कुणाला जमतो, सांगू का? जाऊ दे.

आणि कंपनीत सगळे ऐकतात त्याचं फार मनावर घेऊ नकोस. हजेरी आणि ओव्हरटाइम ज्याच्या हातात असतो त्याचं लोक ऐकतातच.

आता काय करायचं ते. मुलीच्या हातून निरोप आजपासून बंद. तिला रागवू नकोस, फक्त तुझा निरोप तिच्याकडे देऊ नकोस. आज ती खेळ म्हणून करते. उद्या आजोबा आणि बाबा यांच्यात कुणाची बाजू घ्यायची हे ओझं तिच्या डोक्यावर येईल. त्यांचा निरोप आला तर उठून त्यांच्याकडे जा आणि उत्तर त्यांनाच दे. ‘बरं’ एवढं पुरे. ते गप्प राहतील. राहू देत. तेही बोलणंच आहे, आणि ते काय सांगतायत हे तुला कळलंय म्हणूनच तू मला लिहिलंस.

मग माफी. माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, दाराबाहेर चौघीजणी. त्यांच्यात जे बोलणं व्हायचं, कुणाचा नवरा पितो, कुणाचं पोर वाया चाललंय, ते सगळं माना खाली घालून. कुणी कुणाकडे बघायचं नाही. हात चालू. बोलताना रडू आलं तर पान कापायला वाकायचं. समोर बसवून ‘बोल आता’ म्हटलं असतं तर त्यातली एकही बोलली नसती. आमच्या घरातही अवघड विषय नेहमी असेच निघाले. मी आणि माझे कैलासवासी यजमान मात्र टेबलाशी समोरासमोर बसून बोलायचो, आणि दोघेही जिंकून उठायचो. मग आठवडाभर अबोला.

तू रविवारी दोन किलो शेंगा आण. चटणीला लागतातच. वर्तमानपत्र पसर, मधे रास ओत, आणि त्यांच्या समोर नाही, थोडा तिरका बस. तुझं तोंड त्यांना दिसलं पाहिजे, उजेड तुझ्या चेहऱ्यावर हवा, टीव्ही आणि पंखा बंद. कान खरंच अधू असेल तर याचाच उपयोग होईल, नसेल तर बिघडलं काय? शेंगा फोडायला लाग. ते हात लावतील. कामाला हात न लावता बसून राहणारा माणूस नाही तो. आणि थोड्या वेळाने, घरच्या भाषेत म्हण: ‘त्या दिवशी दाजींसमोर मी तुम्हाला बोललो. चुकलं माझं.’

एवढंच. ‘वाईट वाटलं असेल तर’ नको, कारण ‘असेल तर’ म्हटलं की माफी त्यांच्या गळ्यात पडते. ‘पण मोटार…’ तर नकोच नको. ‘पण’ आला की आधीचं सगळं पुसलं जातं. नंतर गप्प बस आणि शेंगा फोड. ही गप्प बसायची पाच मिनिटं तुला सगळ्यात जड जातील, ट्रेनिंग झालेल्या माणसाला तर जास्तच.

ते कदाचित म्हणतील, ‘आता आठवलं होय?’ उत्तर दे, ‘हो, उशीर झाला.’ कारणं सांगत बसू नकोस. ते मोटारीवर येतील: ‘अडीचला उठून मी लावली, तुला झोपमोड नको म्हणून.’ इथे ‘म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय की’ हे वर्गातलं वाक्य काढू नकोस. त्यांचाच शब्द उचल. ‘अडीचला?’ एवढं विचार. पुढचं ते सांगतील. आणि काहीच बोलले नाहीत, उठून गेले, तर शेंगा तू संपव. पुढच्या रविवारी पुन्हा आण. माफी पुन्हा मागायची गरज नाही, शेजारी बसायची आहे.

कानाचं त्या दिवशी काढू नकोस. आधी बोलणं सुरू होऊ दे, मग दोन-तीन आठवड्यांनी. ‘तुम्हाला ऐकू येत नाही, दाखवून घ्या’ म्हणालास तर पुन्हा मोटारीचाच प्रकार. त्यापेक्षा म्हण, ‘माझेही कान तपासून घ्यायचेत, तुम्ही चला.’ हे खोटंही नाही, तूही रोज शेडमध्येच असतोस. सिव्हिलला कान-नाक-घशाचा विभाग आहे. नुसता मळ साचला असेल तर तो काढून भागेल. गोंगाटाने कानाच्या आतल्या पेशी गेल्या असतील तर त्या परत येत नाहीत, पण श्रवणयंत्राने बराच फरक पडतो.

मोटार दुरुस्त केलीस की नवी घेतलीस ते लिहिलं नाहीस. पुढच्या पाण्याच्या रात्री त्यांना झोपू देऊ नकोस, हाक मार. मोटार सुरू कर आणि विचार, ‘आवाज बरोबर येतोय का बघा. जरा हात लावून बघा.’ कान गेला असला तरी थरथर हाताला कळते, मागवाल्याला तर नक्कीच.

रिपोर्ट काय येतो ते कळव.

मावशी