शेततळ्यातली पहिली कोळंबी: सुरुवातीला एवढंच सांभाळा

भाऊ, शेततळ्यात कोळंबी कशी करायची विचारलंत. वाळव्याकडं (सांगली) तुमचं शेततळं आहे आणि पाणीही टिकतंय, म्हणजे निम्मं काम झालं. बाजारात जिला स्कॅम्पी म्हणतात ती ही गोड्या पाण्यातली जंबो कोळंबी. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना मचूळ पाणी लागतं, म्हणून बीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं, घरी तयार करायचा विचार सोडा. बीज तयार करणाऱ्या खात्रीच्या हॅचरीतूनच आणा.

पहिल्या हंगामात गर्दी नको. चौरस मीटरला 2 ते 3 पिल्लं बास. कात टाकल्यावर कोळंबीचं अंग काही काळ मऊ असतं, तेवढ्यात शेजारची तिला खाते. दाट सोडली की हे रोजचंच. तळाशी कौलं, पाइपचे तुकडे, नारळाच्या झावळ्या टाका. प्लास्टिक कागदाच्या तळ्यात तर टाकाच, तिथं आडोसाच नसतो.

नवीन माणसाच्या नेहमीच्या चुका:

- पिशवी फोडून बीज थेट ओतणं. आधी अर्धा तास पाण्यावर तरंगू द्या, मग तळ्यातलं पाणी थोडं थोडं आत घ्या.
- पिल्लं खाणारा मरळ मासा आधी न काढणं.
- द्राक्षबागेच्या फवारणीचं पाणी तळ्यात उतरू देणं. कीटकनाशकानं कोळंबी माशांच्याही आधी मरते. माझं अख्खं तळं असंच गेलं, अजून हळहळ वाटते. बांध उंच करा.

खाद्य संध्याकाळी जास्त द्या. पहाटे कोळंबी काठाला गोळा झाली तर प्राणवायू कमी पडलाय. खाद्य थांबवा, पाण्यात हवा मिसळणारा एरेटर लावा.

बीज जून-जुलैत सोडा. डिसेंबरात पाणी गार झालं की वाढ मंदावते, त्याआधीच मोठी कोळंबी काढायला लागा. निळ्या नांगीच्या, बाकीच्यांवर दादागिरी करणाऱ्या मोठ्या नरांचं गणित पुढच्या हंगामात सांगतो.