वाईट दिवसाच्या मापाचं घर

"ताई, दुखतं मला एकटीला. त्यापायी सगळ्यांचं बिऱ्हाड हलवायचं का?"

दुखण्याबद्दल माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या जळगावातल्या एका बाईंचा पहिल्या भेटीतला हा प्रश्न. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय ४४, सात वर्षांपासून फायब्रोमायल्जिया. या आजारात अंगभर दुखतं, झोप लागली तरी थकवा जात नाही आणि रक्त-एक्सरे बहुतेक नॉर्मल येतात. दुखण्याचे संदेश मज्जासंस्था वाढवून दाखवते, म्हणून वेदना खरी असते, पण कागदावर उमटत नाही. घरचे म्हणायचे, "रिपोर्ट तर चांगले आहेत." दिव्यांगांसाठीच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात या आजाराचं नाव नाही. "सर्टिफिकेट नाही, मग कोणत्या तोंडाने मागू?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा हा अपराधीपणा किती आत गेलाय ते कळलं.

घर तिसऱ्या मजल्यावर, ५४ पायऱ्या, लिफ्ट नाही. भाजीवाला आला की गॅलरीतून दोरीला पिशवी सोडायच्या. दिवसातून एकदाच खाली उतरायचं, एखादी वस्तू आणायची राहिली तर राहू द्यायची.

सुरुवातीला माझं चुकलं. वेदना स्वीकारणं, श्वास, झोपेच्या सवयी, यावरच मी तीन भेटी घालवल्या. ते सगळं उपयोगाचं आहे, पण रोज ५४ पायऱ्या चढणाऱ्या बाईला आधी ते सांगणं बरोबर नव्हतं. चौथ्या भेटीत त्यांना एक साधी वही करायला सांगितली: दोन आठवडे, दुखणं घरात कुठे आणि काय करताना वाढलं, एवढंच लिहायचं.

वहीतून निघालं ते आम्हा दोघींना अपेक्षित नव्हतं. जिना होताच, पण सर्वांत वाईट दिवस पाण्याचे होते. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येईल त्या दिवशी ड्रम, हंडे, बादल्या सगळं भरून घ्यायचं, आणि पुढचे दोन दिवस त्या आडव्या. दुसरा त्रास उन्हाचा. वरचा मजला, स्लॅब दिवसभर तापलेला. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की रात्री दोनपर्यंत भिंतीसुद्धा गरम. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी वेदना चढते, हे या आजारात ठरलेलंच. तिसरा त्रास उकिडवं बसायच्या संडासाचा.

त्यांच्या मिस्टरांना पुढच्या भेटीला बोलावलं. मी काही समजावलं नाही, वही त्यांच्या हातात दिली. एका पानावर लिहिलं होतं: "खालच्या गल्लीत हळदीकुंकू. उतरता आलं असतं, वर येता आलं नसतं. गेले नाही." ते त्या पानावर बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "ही मला म्हणाली होती, कंटाळा आला म्हणून गेले नाही."

घर शोधायला लागल्यावर मी एकच गोष्ट आग्रहाने सांगितली: घर संध्याकाळी बघायला जा, दमल्यावर. सकाळी गोळी घेऊन, बरं वाटत असताना कोणतंही घर चालेलसं वाटतं. राहायचं मात्र वाईट दिवसांतही असतं. आणि नुसतं बघून येऊ नका. कमोडवर बसून उठा, नळ फिरवा, दाराची कडी एका हाताने लावून बघा.

एजंट "लिफ्ट आहे" म्हणून एका बिल्डिंगमध्ये घेऊन गेला. फाटकापासून लिफ्टपर्यंत सहा उंच पायऱ्या, कठडा नाही, आणि लाईट गेली की लिफ्ट बंद. तळमजल्याचं एक जुनं घर आवडलं होतं, पण ओटा एवढा उंच की दगडावर पाय देऊन चढावं लागे, आणि संडास परसात. आपल्याकडे तळमजला म्हणजे सपाट, असं धरून चालता येत नाही. एक रो-हाऊस होतं, त्यात झोपायची खोली वरती. ही तिन्ही घरं त्यांनी स्वतः नाकारली. सात वर्षांत पहिल्यांदा "हे मला चालणार नाही" असं बोलल्याचं त्या मला दोनदा सांगत होत्या.

शेवटी मिळालेलं घर गावाबाहेरच्या कॉलनीत आहे. तळमजला, दारात एकच पायरी, वर टाकी आणि मोटर. मुलाचा क्लास लांब पडला, भाडं वाढलं. हे नुकसान खरं आहे आणि घरच्यांनी बसून ते मान्य केलं. घरमालकाला आजाराचं नाव सांगायची गरज नव्हती. "मला पायऱ्या झेपत नाहीत, बाथरूममध्ये धरायला दांडी आणि संडासात कमोड आमच्या खर्चाने बसवू," एवढं पुरलं. ते करारात लिहून घेतलं, घर सोडताना काढायचं की ठेवायचं तेही. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावर आहे.

सासूबाई काय म्हणतील, याची मला काळजी वाटत होती. त्यांनीच पहिल्या दिवशी नव्या घरात कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी थापायला घेतल्या आणि सुनेला म्हणाल्या, "बठ माय, मी करस."

दुखणं गेलेलं नाही. आता त्या रोज संध्याकाळी कॉलनीच्या सपाट रस्त्यावर वीस मिनिटं चालतात. शरीर हलतं ठेवणं या आजारात आवश्यकच आहे, फक्त ते चालणं त्यांच्या मर्जीचं हवं. श्रावणात दिराकडे कानबाई (खानदेशात घरी बसवतात ती देवी) बसली होती. सोमवारी विसर्जनाच्या मिरवणुकीत त्या चौकापर्यंत गेल्या, घरी परतून एक पायरी चढून थेट पलंगावर पडल्या. मंगळवारी सगळं अंग दुखलं. वहीत त्यांनी तेही लिहिलंय, आणि त्याच्यावरच्या ओळीत, कोणत्या वहिनीने कोणती साडी नेसली होती ते.